गरोदर बाईची कंबर आणि घरातला हंडा



वस्तीत घरोघरी जाताना गरोदर बायांना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : "ताई, काही त्रास होतो का?" बहुतेक वेळा उत्तर येते, "नाही सिस्टर, सगळं बरं आहे." मग ती चहा ठेवायला उठते. एक हात भिंतीला, दुसरा कमरेवर, आणि तोंडातून नकळत "आई गं" निघते. म्हणजे त्रास आहे. तो सांगण्यासारखा आहे, असे मात्र तिला वाटत नाही.

तसे वाटावे अशीच सोय भोवती असते. सासूबाई म्हणतात, "आम्ही नाही का सोसलं?" नवरा म्हणतो, "सगळ्यांनाच होतं." दवाखान्यात रांग मोठी असते, "पोटात बाळ आहे, दुखणारच" असे म्हणून पुढचा नंबर पुकारला जातो. आमच्या ओळखीच्या एका ताईंना हे उत्तर लागोपाठ तीन तपासण्यांत मिळाले. चौथ्या वेळी त्यांनी सांगणेच सोडले आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून रोज घेऊ लागल्या. ती गोळी गरोदरपणात चालत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

तथागतांनी आपल्याला शिकवले की दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण कळले तर ते दूर करण्याचा मार्गही आहे. गरोदरपणातल्या कंबरदुखीकडे आज आपण तसेच पाहू. यातले काही कारण शरीरात आहे. बरेचसे मात्र आपल्या घरात, नळावर आणि कामाच्या ठिकाणी आहे, आणि ते बदलणे आपल्या हातात आहे.

दुखते कुठे आणि का?

गरोदर बायांपैकी निम्म्याहून अधिक जणींची कंबर कधी ना कधी दुखते. साधारण पाचांतल्या एकीला कमरेखालच्या हाडांच्या सांध्यांमध्ये दुखते. ही दोन्ही दुखणी वेगळी असली तरी बऱ्याचदा एकत्र येतात.

पोटाच्या खालच्या भागात हाडांचे एक कडे असते. बाळ याच कड्यातून बाहेर येते. या कड्याला मागे, माकडहाडाच्या वर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन सांधे असतात. पुढे, ओटीपोटाच्या अगदी खाली, मधोमध तिसरा सांधा असतो. एरवी हे सांधे जवळजवळ हलत नाहीत. चिवट पट्ट्यांनी ते घट्ट बांधलेले असतात. गरोदरपणात हार्मोन्समुळे हे पट्टे थोडे सैल पडतात. बाळंतपणासाठी शरीराने केलेली ती तयारी असते.

त्याच वेळी पोट पुढे येते आणि वजन वाढते. तोल सांभाळायला बाई मागे झुकून चालू लागते. पोटाचे स्नायू ताणले जातात आणि कमरेच्या स्नायूंवर दुप्पट काम येते. भांड्यांच्या मांडणीचे नट सैल झाले आणि पुढच्या फळीवर भांडी वाढली, तर मांडणी डुगडुगते. तसेच हे आहे.

हे दुखणे ओळखायचे कसे? एका पायावर भार आला की कळ येते. परकर किंवा सलवार घालताना, जिना चढताना, झोपेत कूस बदलताना, रिक्षात चढताना, जमिनीवरून उठताना दुखते. कधी पुढच्या हाडावर दुखते, कधी जांघेत, कधी कुल्ल्यात आणि मांडीच्या मागे. काही जणींना सांध्यात 'टक्' असा आवाज जाणवतो. दिवसा जास्त काम झाले की त्या रात्री दुखणे वाढते.

आता दोन धीराच्या गोष्टी. या दुखण्याने पोटातल्या बाळाला इजा होत नाही. आणि केवळ या दुखण्यामुळे सिझर करावे लागत नाही. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेक जणी बऱ्या होतात.

कंबर दुखते म्हणजे मुलगा होणार, ओटीपोट दुखते म्हणजे मुलगी होणार, या बोलण्याला काही आधार नाही. नजर लागली, बाहेरची बाधा झाली, हेही खरे नाही. अंगारा-धुपाऱ्याची आणि देवऋषीची वाट आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हाच सोडली आहे. कंबरदुखीसाठी ती पुन्हा धरायची नाही.

वस्तीतले घर आणि बाईची कंबर

पुस्तकात लिहिलेले असते, "जड उचलू नका, विश्रांती घ्या." आपल्या वस्तीत याचा अर्थ काय, ते नीट पाहिले पाहिजे.

पहिला हंडा. पंधरा लिटरच्या हंड्यात १५ किलो पाणी बसते, हंड्याचे वजन वेगळे. तो कमरेवर घेतला की सगळा भार एका बाजूला येतो आणि सैल झालेला सांधा आणखी ओढला जातो. पहाटे नळ आला की असे सात-आठ हंडे होतात. गरोदर बाईने भरलेला हंडा उचलायचा नाही, हा घरातला नियमच व्हायला हवा. कोणीच नसेल तेव्हा दोन लहान कळशा दोन हातांत सारख्या भरून आणाव्यात, म्हणजे भार दोन्ही बाजूंना वाटला जातो. नळापासून घरापर्यंत पाईप टाकता आला तर सर्वांत चांगले. मोठ्या मुलाला कडेवर घेणे म्हणजेही हंडाच. खाली बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या.

दुसरा पोटमाळा. लोखंडी शिडीने वर जाऊन झोपायचे असेल तर शेवटच्या तीन-चार महिन्यांत तिची झोपायची जागा खाली करावी. तोल जाण्याचा धोकाही त्याने टळतो. जिना टाळताच येत नसेल तर एक सूत्र लक्षात ठेवा : चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची पायरी. कठडा धरायचा.

तिसरा संडास. सार्वजनिक संडासात उकिडवे बसून उठताना पुढचा सांधा फार दुखतो. म्हणून बाया काय करतात? पाणी कमी पितात, रात्री लघवी दाबून ठेवतात, अंधारात जायची भीती वाटते म्हणून संध्याकाळपासून घोटभरच पाणी घेतात. यातून दोन नवी दुखणी येतात. एक बद्धकोष्ठ, त्यात कुंथावे लागते आणि कंबर अधिक दुखते. दुसरे लघवीतले जंतू. त्यानेही कंबर आणि ओटीपोट दुखते आणि ते दुखणे गरोदरपणाचेच समजून अंगावर काढले जाते. ते वाढले तर मूत्रपिंडाला सूज येऊ शकते आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. तेव्हा पाणी कमी करू नका. मध्ये भोक असलेली प्लॅस्टिकची कमोड-खुर्ची बाजारात मिळते, ती दोन-तीन घरांनी मिळून घेतली तरी चालते. रात्री सोबतीला घरातले माणूस उठलेच पाहिजे.

चौथे काम. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताई फडक्याने लादी पुसतात, उकिडव्या बसून सरकत सरकत. "असं पुसलं की बाळंतपण सोपं होतं," असे त्यांना सांगितले जाते. हालचाल चांगली, हे खरे. पण पाय फाकवून, कमरेला पीळ देत, तासन्‌तास लादी पुसणे हा व्यायाम होत नाही. दांड्याचा पोछा मागून घ्या. कपड्यांची बादली जमिनीवर ठेवण्याऐवजी स्टुलावर ठेवा. नाक्यावर उभे राहून बिगारी काम करणाऱ्या ताईंनी घमेले डोक्यावर घेण्याचे काम सोडून दुसरे काम मागावे. सिमेंटच्या गोणीला तर हातही लावू नये. कचरा वेचणाऱ्या ताईंनी एका खांद्यावर मोठे पोते लटकवण्यापेक्षा ढकलगाडी वापरावी. घरी बसून मणी ओवणे, लेबल लावणे, शिलाई करणे असे काम असेल तर पाठ भिंतीला टेकवा, कमरेमागे गुंडाळलेली चादर ठेवा आणि दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला.

उठता-बसता

या दुखण्यात एकच मूळ सूत्र आहे : दोन्ही गुडघे जोडून ठेवा आणि एका पायावर भार देऊ नका. बाकी सगळे त्यातून येते.

झोपताना कुशीवर झोपा. डावी किंवा उजवी, जी बरी वाटेल ती. सातव्या महिन्यापासून उताणे झोपणे टाळाच. दोन गुडघ्यांच्या मध्ये घोट्यापर्यंत पोहोचेल अशी घडी घातलेली गोधडी ठेवा आणि पोटाखाली एक छोटी घडी सरकवा. जमिनीवर झोपायला हरकत नाही, पण खाली दोन वाकळा तरी असाव्यात.

कूस बदलताना आधी गुडघे जोडा आणि मग सगळे अंग एकदम वळवा. उठताना सरळ उठू नका. कुशीवर वळा, हाताने रेटा देऊन बसा. जमिनीवर असाल तर हात-गुडघ्यांवर या आणि पेटी, पलंग किंवा कोणाचा हात धरून सावकाश उभ्या राहा.

परकर, सलवार, चप्पल बसून घाला. रिक्षात आधी पाठमोऱ्या बसा, मग दोन्ही पाय एकदम आत घ्या. पावले लहान टाका. लोकलच्या प्रवासात बसायला जागा मागायला लाजू नका, ती मेहेरबानी नाही. फार वेळ एकाच जागी उभे राहणे टाळा. भाकरी थापायला आणि भाजी चिरायला बसून घेता येते.

पूर्ण दिवसभर पडून राहणेही बरे नाही. स्नायू ढिले पडतात आणि दुखणे वाढते. इथेही मध्यम मार्ग : अंगाला झेपेल तेवढी हालचाल आणि मध्ये मध्ये पाठ टेकणे. दुपारी अर्धा तास कुशीवर आडवे होणे हा आळस नाही, तो औषधाचा डोस समजा.

रोजचे चार व्यायाम

यासाठी पैसे लागत नाहीत, एका चटईपुरती जागा पुरते. डॉक्टरांनी हालचालीला मनाई केली असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा कळा येत असतील तर मात्र करू नका. कोणताही व्यायाम दुखेपर्यंत ताणायचा नाही.

एक, भिंतीचा व्यायाम. भिंतीला पाठ टेकून उभ्या राहा, गुडघे किंचित वाकवा. कमरेमागची पोकळी भिंतीला लागेल अशी कंबर हळूच मागे दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. श्वास रोखू नका. दहा वेळा.

दोन, मांजरीचा व्यायाम. हात आणि गुडघे जमिनीला टेकवा, पाठ टेबलासारखी सपाट ठेवा. मग मांजर अंग ताणते तशी पाठ वर गोल करा आणि पुन्हा सपाट आणा. पाठ खाली झोळीसारखी लोंबू देऊ नका. दहा वेळा. पोटाचा भार काही वेळ कमरेवरून उतरतो, म्हणून यात बऱ्याच जणींना लगेच आराम वाटतो.

तीन, चादरीचा व्यायाम. खुर्चीवर बसा, गुडघ्यांमध्ये गुंडाळलेली चादर धरा आणि हळूच दाबा. पाच आकडे मोजून सोडा. पाच ते दहा वेळा.

चार, ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरतो तसे आतले स्नायू वर ओढा, काही आकडे धरा, सोडा. सुरुवातीला तीन-चार आकडे जमले तरी पुरे, हळूहळू दहापर्यंत न्या. दिवसातून तीनदा, दर वेळी दहा. हा व्यायाम भांडी घासताना, बसची वाट पाहतानाही करता येतो. लघवी करत असताना मात्र करू नका.

शेक, मालिश, पट्टा आणि गोळी

कमरेला आणि कुल्ल्याला कोमट शेक द्यायला हरकत नाही. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवा. पोटावर शेक नको.

पाठीला हलक्या हाताने तेल चोळलेले चालते. लहान पोराला पाठीवर उभे करून तुडवून घेणे, कंबर मोडून घेणे, हाड बसवणाऱ्याकडे जाणे हे सगळे बंद. पोट चोळून बाळ "सरळ" करणाऱ्या बाईलाही स्पष्ट नाही म्हणा. त्याने बाळाला आणि आईला दोघांनाही धोका होऊ शकतो.

गरोदर बायांसाठी वेगळा पट्टा मिळतो. तो पोटाच्या खालून, कुल्ल्यांच्या हाडांभोवती बसतो. पोट आवळणारा साधा कमरपट्टा घेऊ नका. चालताना आणि काम करताना लावा, झोपताना काढा. पट्टा परवडत नसेल तर जुन्या सुती लुगड्याची रुंद घडी त्याच जागी, पोटावर न चढवता, बेताची घट्ट बांधून पाहा. बरे वाटले तर ठेवा, दुखले तर सोडा.

गोळीबाबत नीट वाचा. मेडिकलवाल्याला "कंबरदुखीची गोळी द्या" एवढेच कधीही सांगू नका. "मी गरोदर आहे" हे आधी सांगा. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या औषधांच्या गोळ्या गरोदरपणात स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. विशेषतः पाचव्या महिन्यानंतर त्या बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला धोका करू शकतात. ब्रुफेन आणि कॉम्बिफ्लाम यांत आयब्युप्रोफेन असते, व्होव्हेरानमध्ये डायक्लोफेनॅक. घरात इतर कोणासाठी आणलेल्या असतील तर बाजूला ठेवा. दुखणे सहन होत नसेल तर डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल देतात. किती आणि किती दिवस, ते त्यांनाच विचारा. दुखणे दाबण्यासाठी मिश्री लावण्याची सवय काही जणींना असते. तंबाखूने बाळाचे वजन कमी भरते, तिला हात लावू नका.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सांध्यांचे दुखणे थांबवत नाहीत, पण रक्त आणि हाडे यांसाठी त्या हव्यातच. दोन्ही एकत्र घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा नको. जेवणात नाचणी, डाळ, अंडे, पालेभाजी, सुकट यांपैकी जे जमेल ते रोज असू द्या. तिच्या ताटात शेवटी उरलेले नको, आधी वाढलेले असू द्या.

हे दुखणे साधे नाही, तेव्हा थांबू नका

पुढीलपैकी काहीही झाले तर शेक, व्यायाम, गोळी यांत वेळ घालवायचा नाही. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. त्यासाठी १०८ किंवा १०२ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

– दिवस भरण्याआधीच कंबर ठरावीक अंतराने दुखते, थांबते, पुन्हा दुखते आणि त्याबरोबर पोट कडक होते.
– अंगावरून रक्त जाते किंवा पाणी जाते.
– पोट दगडासारखे कडक राहते आणि सारखे दुखते.
– बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली.
– ताप, थंडी, लघवीला जळजळ आणि एका बाजूच्या बरगडीखाली पाठीत दुखणे.
– खूप डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, बरगड्यांखाली पोटात कळ.
– एकाच पायाची पोटरी सुजून दुखते, लाल आणि गरम होते.
– मांड्यांच्या मधला भाग बधिर होतो, पायातली ताकद जाते, लघवी-शौचावरचा ताबा जातो.
– पहिल्या तीन महिन्यांत ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणे.

आणखी एक गोष्ट. पाठीच्या एकाच मणक्यावर रात्रंदिवस दुखत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन वाढत नसेल किंवा दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर टीबीची तपासणी मागा. दाटीच्या वस्तीत टीबी मणक्यालाही होतो आणि त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार आहेत.

घरातल्या माणसांसाठी चार शब्द

बंधूंनो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ढोल उचलणाऱ्या खांद्यांना पहाटे नळावरचे हंडे जड नाहीत. पाणी भरणे, मोठ्या मुलाला शाळेत सोडणे, रात्री संडासापर्यंत सोबत जाणे आणि तपासणीला दवाखान्यात येणे ही चार कामे तुमची. संबंधांच्या वेळी तिला दुखत असेल तर तिचे "नको" हे शेवटचे. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितले होते की नवऱ्याच्या मैत्रीण व्हा, बरोबरीच्या व्हा, त्याच्या दासी होऊ नका. ते बायांना सांगितले असले तरी ऐकायचे आपण सगळ्यांनी आहे.

सासूबाई, आत्याबाई, तुम्ही सोसले हे खरे. तुमच्या वेळी कोणी विचारले नाही, हेही खरे. पण त्या काळी किती बाया बाळंतपणात गेल्या, किती जणींची कंबर कायमची गेली, हे तुमच्याइतके कोणाला माहीत? तुमच्या तोंडून "बस गं जरा, मी करते" निघाले, तर त्याला तोड नाही.

विश्रांती हा हक्क आहे

हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, आणि तिच्या मेहनतीचा फायदा घेणाऱ्या मालकानेही त्याचा भार उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात गिरणी-कारखान्यांतल्या बायांसाठी तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीत काम करणाऱ्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही सुधारणा केल्या.

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये देशभरासाठी मातृत्व लाभाचा कायदा आला. २०१७ च्या सुधारणेनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. बाळंतपण जवळ आले असताना बाईने मागणी केली तर तिला जड काम किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही, अशीही तरतूद आहे. कारखान्यात, दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानात किंवा कंत्राटावर सफाईच्या कामात असाल तर हे लेखी मागा. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा.

धुणीभांडी करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या ताईंपर्यंत ही पगारी रजा अजून पोहोचत नाही. त्यांच्यासाठी जे आहे ते तरी सोडू नये. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाच्या वेळी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. अर्जासाठी आशाताई किंवा अंगणवाडीताईंना भेटा. बांधकामावर काम करणाऱ्यांनी बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करावी, तिथेही बाळंतपणासाठी मदत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची खास मोफत तपासणी असते. त्या दिवशी कंबरदुखीचे नाव काढाच. "दुखतं" एवढेच न म्हणता सांगा : कुठे दुखते, कधीपासून, काय करताना, रात्री झोप लागते का. मोठ्या सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो, तिथली चिठ्ठी मागा.

बाळंतपणाच्या वेळीही हे सांगून ठेवायचे असते. आधीच घरी पाठीवर टेकून, न दुखता गुडघे किती उघडतात ते मोजून ठेवा आणि प्रसूतिगृहातल्या सिस्टरांना सांगा. कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर राहून कळा देता येतात का, ते विचारा. बाळंतपणाच्या खोलीत बाईबरोबर एक सोबतीण असावी, असे केंद्र सरकारचे निर्देश आहेत. त्या सोबतिणीला तुमच्या दुखण्याची माहिती हवी. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनीही दुखत राहिले तर पुन्हा दाखवा. पुढच्या खेपेला हे दुखणे परत येऊ शकते, म्हणून दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर ठेवा आणि त्या वेळी सुरुवातीपासूनच काळजी घ्या.

विहारातून सुरुवात

रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास विहारात थांबायला काय हरकत आहे? चटया आहेत, जागा आहे, बाया आहेत. महिला मंडळाने गरोदर भगिनींना एकत्र बसवून वरचे व्यायाम करून घ्यावेत आणि धोक्याच्या खुणा मोठ्याने वाचून दाखवाव्यात. मंडळाच्या वर्गणीतून दोन कमोड-खुर्च्या आणि दोन पट्टे घेऊन ठेवले तर ज्या घरी गरज लागेल तिथे ते फिरते राहतील. तरुण मुलांनी गल्लीत कोणकोण गरोदर आहे हे पाहून पाण्याची पाळी वाटून घ्यावी. आणि वस्तीतल्या सार्वजनिक संडासात धरायला दांडा, बसायचे एक तरी भांडे आणि रात्री दिवा असावा, असा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी वॉर्ड ऑफिसात द्यावा. हा अर्ज फक्त गरोदर बायांसाठी नाही. म्हाताऱ्या माणसांना आणि अपंग बांधवांनाही त्याचा उपयोग होईल.

ज्या ताई हे वाचत असतील आणि ज्यांची कंबर आत्ताही दुखत असेल, त्यांना एवढेच : आज घरात एका माणसाला सांगा आणि येत्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. तोवर तो हंडा खाली ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!